‘जीप’ या नावाची किंमत कोण ठरवतं?

(पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा, घाई असेल तर सेव्ह करून ठेवा.)

आमच्या विदर्भात ‘जीप’ हे कुठल्या कंपनीचं नाव नाही. डालडा, झेरॉक्स यांच्यासारखंच ते सामान्यनाम होऊन बसलं आहे. फॉरेस्टवाल्यांची जीप, ठाणेदाराची जीप, बीडीओची जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप. आणि सगळ्यात जास्त ओळखीची ती काळी-पिवळी. आत दहा-बारा जण कोंबलेले, मागे चार लटकलेले, टपावर सायकल आणि धान्याचं पोतं. ती गाडी ट्रॅक्स असो, मार्शल असो की कमांडर असो, उतरणारा माणूस म्हणणार, “जीपनं आलो ना भाऊ.”

आता याच नावाची गाडी कोणी तुम्हाला एक कोटी बारा लाखांना विकायला आणली तर?

ऑगस्ट २०१६ मध्ये अगदी हेच झालं. ‘जीप’ ही अमेरिकन कंपनी स्वतःच्या नावानं भारतात अधिकृतपणे उतरली. रँगलरची किंमत ७१.५९ लाख, आणि ग्रँड चेरोकीचं सगळ्यात वरचं मॉडेल १.१२ कोटी. शोरूमची किंमत बरं का, रस्त्यावर यायला आणखी. ज्या नावाला आपण साठ-सत्तर वर्षं चिखल, धूळ आणि डिझेलच्या वासाशी जोडलं, ते नाव एकदम मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या रांगेत जाऊन बसायला निघालं.

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे टेस्ला. १५ जुलै २०२५ ला मुंबईच्या बीकेसीत टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन उघडलं. उद्घाटनाला मुख्यमंत्री, म्हणजे आपल्या नागपूरचेच देवेंद्र फडणवीस. मॉडेल वाय ही गाडी चीनमधून, शांघायहून आयात केलेली, किंमत ५९.८९ लाखांपासून पुढे. तेव्हापासून आमच्या लकडगंजमधल्या चहाच्या टपरीवर अधूनमधून वाद रंगतो. एक म्हणतो, आता जर्मनवाल्यांची सुट्टी. दुसरा म्हणतो, अमेरिकन गाडी इथं टिकत नाही बे. मी गाड्यांचा पत्रकार नाही. तालुक्याच्या गावी बातमीदारी सुरू केली, पीकविमा, नगर परिषद, रेती घाट हेच माझे विषय. पण टेस्लाचं काय होईल हे समजून घ्यायचं असेल तर आधी जीपचं काय झालं ते पाहायला हवं. कारण ती गोष्ट आपल्याच राज्यात घडली आहे.

थोडं मागे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपलं. इकडे मुंबईत १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच कंपनीनं विलिसच्या परवान्यावर मुंबईत जीप जोडायला घेतली. पुढे सगळी गाडीच इथे बनू लागली. लष्कर, पोलीस, जंगल खातं, पाटबंधारे, आरोग्य, सगळीकडे ती गेली. मूळ परवाना अमेरिकेचा, पण गाडी घराघरात पोचवली मुंबईच्या कंपनीनं आणि तिला जिवंत ठेवलं गावोगावच्या मिस्त्र्यांनी.

तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं? विलिसकडून जीप कायझरकडे गेली, तिथून अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. १९९८ मध्ये क्रायस्लर जर्मनांच्या डाइमलरसोबत गेली. नंतर एका गुंतवणूक कंपनीकडे, मग इटलीच्या फियाटकडे. आणि २०२१ पासून ‘स्टेलांटिस’ नावाच्या समूहाकडे, ज्याचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये आहे. मालक इतके बदलले, विकत घेताना प्रत्येकाचा डोळा एकाच गोष्टीवर होता. जीप हे नाव.

तर २०१६ ला हे नाव भारतात आलं ते वरच्या मजल्यावर. आणि ३१ जुलै २०१७ ला कंपास आली. ही मात्र खरी खेळी होती. गाडी पुण्याजवळ रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या सामाईक कारखान्यात बनलेली. सुरुवातीची किंमत १४.९५ लाख. म्हणजे वर कोटीची गाडी दाखवून नाव उंच करायचं आणि खाली पंधरा लाखांत त्याच नावाचा तुकडा मध्यमवर्गाला द्यायचा. डोकं चांगलं होतं. सुरुवातीला महिन्याला दोन-अडीच हजार गाड्या जात होत्या. रांजणगावची कंपास उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांत, म्हणजे ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियात जाऊ लागली. महागणपतीच्या रांजणगावातून जपानला ‘अमेरिकन’ गाडी जाते, ही मराठी माणसानं अभिमानानं सांगावी अशीच गोष्ट होती.

मग गाडी घसरली कुठं?

कंपासचं दोन लिटरचं डिझेल इंजिन फियाटचं मल्टिजेट. इंजिन नंबर एक, यात वाद नाही. पण तेच इंजिन जानेवारी २०१९ मध्ये टाटांच्या हॅरियरमध्ये आलं, क्रायोटेक या नावानं. त्याच वर्षी जूनमध्ये एमजी हेक्टर आली, तिच्या डिझेलमध्येही तेच. म्हणजे आतला जीव एकच, अंगावरचे कपडे वेगळे. ती दोघं जास्त जागा, मोठा स्क्रीन घेऊन आणि कमी किंमत लावून उभी. २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, सुरुवात ११.९९ लाखांपासून. आणि त्याच २०२१ मध्ये कंपासचं नवं रूप आलं १६.९९ लाखांपासून. इतर जण खालून वर चढत होते, त्या वेळी जीप आणखी वर सरकत होती. तीन रांगांची मेरिडियन मे २०२२ मध्ये २९.९० लाखांना आली. रांजणगावला रँगलर आणि ग्रँड चेरोकीसुद्धा जोडायला लागले. पंचवीस कोटी डॉलर गुंतवू असं कंपनीनं जाहीर केलं होतं, त्यातलीच ही कामं. पण विक्री महिन्याला हजारांवरून काही शेकड्यांवर आली.

तुम्ही म्हणाल, किंमत जास्त म्हणून घेतली नाही लोकांनी. मला हे पटत नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही नेत्याच्या घरासमोर जाऊन पाहा. जिल्हा परिषद सदस्यापासून वरपर्यंत. काय उभं असतं? फॉर्च्युनर, इनोव्हा, स्कॉर्पिओ. फॉर्च्युनर मेरिडियनपेक्षा महाग आहे, तरी महिन्याला हजारांनी जाते. म्हणजे नागपूर-अमरावती-यवतमाळच्या माणसाकडे पैसा आहे आणि तो खर्च करायची तयारीही आहे. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या, आठवते का ती बातमी? देशभर गाजली होती. छोट्या शहरातला माणूस महागडी गाडी घेत नाही, हा समज तिथंच संपला. मर्सिडीज १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुण्यात पाय रोवून आहे. एक-दोन मॉडेलवर थांबली नाही, बाजार मंद असतानाही गेली नाही. २०२४ मध्ये तिनं भारतात साडेएकोणीस हजारांवर गाड्या विकल्या.

मग माणूस पैसे कशाचे मोजतो? गरोबा मैदानाकडच्या एका गॅरेजमध्ये मी हा प्रश्न विचारला. मिस्त्री साठीचा आहे, जुन्या एमएम ५४० पासून सगळ्या खोललेल्या. तो म्हणाला, “साहेब, गाडी रोडवर सगळ्यांचीच पळते. बंद पडल्यावर कोण येते, पार्ट किती दिवसांत येते आणि पाच वर्षांनी विकाले गेलं तं किती येते, लोकं हे तीनच पाहून राहिले.” यापुढे मार्केटिंगचं कुठलं पुस्तक वाचायची गरज मला वाटली नाही.

माझ्या ओळखीच्या एका कंत्राटदारानं एक विदेशी गाडी घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही, जीप नव्हती एवढं सांगतो. सेन्सर गेला. नागपुरात पार्ट नाही, मुंबईत नाही, बाहेरून येणार. महिनाभर गाडी आत. माणूस साइटवर मुलाच्या मोटारसायकलवर फिरला. पुढची गाडी त्यानं टोयोटाची घेतली. “शान गेली खड्ड्यात, मला सकाळी सातला साइटवर पोचाचं असते,” हे त्याचे शब्द.

ही फक्त आपल्याकडची तऱ्हा नाही. अमेरिकेची सगळ्यात मानाची गाडी म्हणजे कॅडिलॅक. तिचं नाव कसं झालं ते बघा. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये तिच्या तीन गाड्या पूर्ण खोलल्या, सगळे सुटे भाग एकत्र मिसळले आणि त्यातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करून पळवून दाखवल्या. त्या काळात प्रत्येक पार्ट कानशीनं घासून बसवावा लागायचा, त्यामुळे लोक थक्क झाले. त्यासाठी तिला डेवर ट्रॉफी मिळाली. नाव असं कामातून झालं. पुढे १९८० च्या दशकात त्याच कॅडिलॅकनं एका साध्या शेव्हरोलेला चामड्याच्या सीट आणि स्वतःचा बिल्ला लावून ‘सिमारॉन’ म्हणून जास्त भावात विकायला काढलं. लोकांना कळायला वेळ लागला नाही. १९८९ मध्ये टोयोटाची लेक्सस अमेरिकेत आली. नवी गाडी, नाव कोणी ऐकलेलं नाही. पहिल्याच वर्षी तिच्यात दोष निघाला. कंपनीनं आठ हजारांच्या आसपास गाड्या मालकांच्या दारातून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या. तिथून लेक्ससचं नाव झालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ती अमेरिकेतच कॅडिलॅक आणि लिंकनच्या पुढे गेली. कॅडिलॅकनं मग काय केलं? गाड्यांची नावं बदलली, मुख्यालय डेट्रॉइटहून न्यूयॉर्कच्या फॅशनेबल भागात हलवलं. चार वर्षांत ते परत डेट्रॉइटला न्यायचं ठरलं. पत्ता बदलून इज्जत येत नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

जीपची गोष्ट तर याहून मजेची आहे. महिंद्रानं २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची शेतात-रानात चालवायची गाडी विकायला काढली. जुन्या विलिसचाच तोंडवळा. ती जोडली जायची मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स या गावी, जिथे जीपच्या मालक कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय आहे! जीपवाल्यांनी तक्रार केली, आमचा चेहरा चोरला म्हणून. जून २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं जीपच्या बाजूनं निकाल दिला. महिंद्रानं तोंड बदललं आणि डिसेंबरमध्ये नव्या रूपाला परवानगी मिळवली. म्हणजे कायद्यानं चेहरा जीपचाच ठरला. पण त्याच २०२० मध्ये, २ ऑक्टोबरला, महिंद्रानं इकडे नवी थार आणली, ९.८० लाखांपासून. नाशिकला बनलेली. बुकिंगला रांगा लागल्या, महिनोन्‌महिने थांबून लोकांनी ती घेतली. आज पेंचच्या रस्त्यावर पोरं थार घेऊन जातात आणि त्यांचा आजा विचारतो, “जीप घेतली का बे?”

यातच सगळं आलं. नावाचा कागद तिकडे आहे. नावाचा मान इकडे राहिला, ज्यांनी ते साठ-सत्तर वर्षं राबवलं त्यांच्याकडे. जीपनं आपल्याच नावाचा हा वारसा भारतात उचललाच नाही असं मला वाटतं. ज्या माणसाच्या बापानं जीपमध्ये बसून पोरीची वरात नेली, ज्या गावात पहिला डॉक्टर जीपनं आला, त्या माणसाला ‘ही तीच, आता तुझ्यासाठी’ असं सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याला डोंगरावर उभं राहून कॉफी पिणारं जोडपं दाखवलं.

आता हे लकडगंजमध्ये बसून का लिहितो आहे?

कारण नावाचा हा खेळ आमच्या गल्लीत शंभर वर्षं चालू आहे. लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. सकाळी आरामशीनचा आवाज, हवेत सागाच्या भुश्शाचा वास. इथल्या व्यापाऱ्याला विचारा, सगळ्यात भारी माल कोणता? तो म्हणेल ‘सीपी टीक’. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांचा मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. तो प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला. १९५६ मध्ये नागपूरची राजधानीही गेली. पण लाकडाचं नाव अजून तेच. बल्लारशा, आलापल्लीच्या सागाला आजही देशभर याच नावानं मागणी आहे. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनातला साग नागपूरहून गेला. अयोध्येच्या राम मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग वाजतगाजत नेला. कोणी जाहिरात केली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीचे वाड्यांचे दरवाजे अजून वाकले नाहीत, हीच त्याची जाहिरात.

या सागालाही विदेशी स्पर्धक आहेत. ब्रह्मदेशानं २०१४ मध्ये गोल लाकडाची निर्यात बंद केली. तेव्हापासून घाना, इक्वेडोर, पनामा अशा कुठून कुठून लागवडीचा साग कंटेनरमध्ये येतो. स्वस्त पडतो. इथला एक व्यापारी मला म्हणाला, “भाईसाहब, गिऱ्हाईक सीपीचं नाव घेऊन आत येतो आणि बजेट ऐकून बाहेरचा माल घेऊन जातो.” पण ज्याला पुढच्या पिढीसाठी घर बांधायचं आहे तो आजही जास्त पैसे मोजतो. कारण नावामागे माल आहे.

आणि इथंच आपलंही दुखणं आहे. नाव आपलं, जंगल आपलं, ओंडका आपला. पण त्या सागाचा देशभर ओळखला जाणारा फर्निचरचा ब्रँड आपल्याकडे नाही. गाड्यांचंही तेच. महिंद्राचा ट्रॅक्टर हिंगण्याला बनतो ही जमेची बाजू. पण कारचे कारखाने पिंपरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव, नाशिक, संभाजीनगर. विदर्भातून आयटीआय झालेली पोरं तिकडे जातात. माझ्या नात्यातला एक मुलगा रांजणगाव पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कंत्राटी आहे. त्याला मॉडेल, ब्रँड काही ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की ऑर्डर कमी झाली की आधी ओव्हरटाइम जातो, मग शिफ्ट जाते, मग खोलीभाड्याची चिंता सुरू होते. ब्रँड वर न्यायचा की खाली आणायचा हे कुठेतरी परदेशात ठरतं. त्याचा हिशोब इथं पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला चुकवावा लागतो.

अमेरिकन कंपन्यांचा इतिहास आपल्या राज्यात छोटा नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. १९५० च्या दशकात ती गेली. परत आली, २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढला. २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री बंद, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद. कामगार कोर्टापर्यंत लढले. आता तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईकडे आहे. २०२० मध्ये हार्लेनं गाशा गुंडाळला, २०२१ मध्ये फोर्डनं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विदेशी ब्रँड यावेत, जरूर यावेत. जीपचं इथलं दुकान बंद पडावं असं मला मुळीच वाटत नाही, तिच्यामागे रांजणगावातल्या चुली आहेत. पण सरकारनं दालनाची फीत कापताना काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. गाडीतले किती पार्ट इथे बनणार? नागपूर, अकोला, चंद्रपूरला सर्व्हिस कधी मिळणार, की फक्त बीकेसीत? आणि उद्या गेलात तर कामगाराचं आणि गाडीमालकाचं काय, हे आज लिहून देणार का? जमीन, वीज, करसवलत यातलं काहीही देणार असू तर हे विचारायचा हक्क आपला आहे. या प्रश्नांची उत्तरं जी कंपनी देईल तिचं नाव आपोआप मोठं होईल, मग ती अमेरिकेची असो, चीनची असो की चाकणची.

आणि विदर्भातल्या आमदार-खासदारांना, पक्ष कोणताही असो, एक वेगळा प्रश्न. आपल्याकडे साग आहे, वन विकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरात आहे, मिहानमध्ये जागा आहे. ‘सीपी टीक’ या नावानं इथंच तयार झालेलं दार, टेबल, खुर्ची देशभर विकायला काय अडचण आहे? नाव तर शंभर वर्षांपासून तयार पडलं आहे.

तुमच्या गावात ‘जीप’ म्हणजे कोणती गाडी होती, ती कोण चालवायचं आणि आज तिच्या जागी काय उभं आहे, हे खाली नक्की लिहा. गाड्यांच्या धंद्यातले, रांजणगाव-चाकणला काम करणारे मित्र असतील तर त्यांनी आतून काय दिसतं तेही सांगावं. नाव न देता लिहिलं तरी चालेल.